सोयरीक, चाचणी आणि संमती : वऱ्हाडातील एक संवाद

विवाहापूर्वी वधूवरांची एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी काय, हा प्रश्न महाराष्ट्रात आणि गोव्यात गेली दोन दशके अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी त्याला दोन ठाम उत्तरे मिळतात. गोव्याच्या मंत्रिमंडळाने २००६ मध्ये अशा सक्तीच्या बाजूने निर्णय घेतला होता, आणि २०१९ मध्ये तेथील सरकारने तोच विचार पुन्हा बोलून दाखवला. सक्ती मागणाऱ्यांना मुलीच्या जिवाची काळजी असते, तर तिला विरोध करणाऱ्यांच्या गाठीशी सार्वजनिक आरोग्याचा अनुभव असतो. संसर्ग थांबावा असे दोघांनाही मनापासून वाटते, आणि म्हणूनच या वादात कोणत्याही एका बाजूची टवाळी करून भागत नाही. वऱ्हाडात हा प्रश्न वधू-वर परिचय मेळाव्याशी येऊन भिडतो. अमरावती, अकोला, परतवाडा, मूर्तिजापूर अशा गावांतून भरणारे हे मेळावे आणि त्यांनिमित्त निघणाऱ्या जाडजूड पुस्तिका हे येथील सोयरीक जमवण्याचे मोठे साधन झाले असल्यामुळे, चाचणीची सक्ती कायद्याने झाली नाही तरी ती पुस्तिकेतल्या एका रकान्यातून होऊ शकते.

प्रस्तुत लेखात या दोन भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या मुखी घातल्या आहेत. एक आहेत अकोल्याचे निवृत्त मुख्याध्यापक, जे आपल्या समाजाच्या मेळाव्याची पुस्तिका संपादित करतात आणि ज्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात. दुसऱ्या आहेत अमरावतीच्या एका समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या समुपदेशक, ज्यांना गुरुजी ताई म्हणतात. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांच्या बोलण्यात येणारे कायदे, निकाल, घटना आणि अभ्यास वास्तव आहेत.

गुरुजींची मांडणी त्यांच्या पुस्तिकेपासूनच सुरू होते. ज्या पुस्तिकेत मुलाची उंची, शिक्षण, पगार, मंगळ आहे की नाही, शेती किती एकर, त्यांतली कोरडवाहू किती आणि ओलिताखाली किती, हे सारे छापले जाते, आणि रक्तगटाचाही रकाना असतो, त्याच पुस्तिकेत रक्तातल्या प्राणघातक विषाणूविषयी एक अक्षर नसावे, हे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटते. "ताई, मुलीचा बाप जावयाची विहीर किती हात खोल आहे हे विचारतो, आणि ते विचारणे कोणाला अपमानाचे वाटत नाही. मग हाच एक प्रश्न विचारायला सगळ्यांची जीभ का अडखळावी?" या भूमिकेमागे केवळ भीती आहे असे नाही. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये चेन्नईत लागला, आणि पुढच्या दशकभरात हा आजार वेश्यावस्ती व महामार्गापुरता आहे अशी समजूत पक्की झाली, परंतु डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांचा जो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला, त्याने या समजुतीला जबर धक्का दिला. त्या चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित निघाल्या, आणि त्यांतील बहुतेकींचा पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. हे प्रमाण चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रियांपुरते होते, सर्वसाधारण समाजाचे नव्हते, हे लक्षात ठेवले तरी त्याचा अर्थ बदलत नाही : या स्त्रियांच्या बाबतीत जोखीम त्यांच्या वागण्यात नव्हती, ती त्यांच्या मंगळसूत्राबरोबर आली होती.

गुरुजी येथे थांबत नाहीत. संसर्ग झालेल्या विवाहितेला ते बहुधा कधी कळते, असे ते विचारतात आणि त्याचे उत्तरही देतात : पहिल्या गरोदरपणात, अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात नाव नोंदवताना होणाऱ्या तपासणीत. घरात चाचणी होणारी पहिली व्यक्ती तीच असल्यामुळे रोग तिनेच आणला असे सासर धरून चालते, आणि ज्याच्याकडून तो आला तो नवरा चाचणीला उभाही राहत नाही. लग्नाआधी दोघांची चाचणी झाली असती तर निदान हा आळ तरी तिच्यावर आला नसता, हा गुरुजींचा युक्तिवाद वजनदार आहे, आणि समुपदेशकांनाही तो तसा वाटतो. कारण असा आळ घेऊन माहेरी परतलेल्या मुली त्यांच्या टेबलासमोर बसलेल्या असतात.

तथापि समुपदेशकांचा पहिला आक्षेप चाचणी नेमके काय सांगते याविषयी आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहणे भाग आहे. एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या, रोगप्रतिकाराचे नियंत्रण करणाऱ्या पेशींमध्ये शिरतो आणि उपचार न झाल्यास काही वर्षांत त्यांची संख्या इतकी घटवतो की क्षयासारखे आजार शरीराचा ताबा घेतात; या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. केंद्रावरील नेहमीची चाचणी प्रामुख्याने या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती सापडण्याइतकी तयार व्हायला साधारण ३ आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंतचा काळ लागतो. संसर्ग झालेला आहे, तो दुसऱ्याला होऊ शकतो, पण चाचणी निगेटिव्ह येते, अशा या मधल्या काळाला विंडो पिरियड किंवा गवाक्ष काळ म्हणतात.

या गवाक्ष काळाचे गांभीर्य अकोला जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. सप्टेंबर २०२१ मध्ये या जिल्ह्यातील एका आठ महिन्यांच्या बाळाला उपचारादरम्यान रक्त दिल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, नागपुरात थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या चार मुलांच्या बाबतीत तसेच घडल्याचे समोर आले आणि त्यांतील एक मूल दगावले. भारतात रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी १९८९ पासून सक्तीची आहे आणि पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. म्हणजे सक्तीची चाचणी, परवाना, नोंदवही आणि तज्ज्ञ तंत्रज्ञ हे सगळे असलेल्या व्यवस्थेतही गवाक्ष काळातील दात्याचे रक्त निसटून जाण्याची शक्यता उरतेच. ती कमी करण्यासाठी प्रतिपिंडांची वाट न पाहता विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी नॅट नावाची चाचणी उपलब्ध आहे आणि ती हा काळ सुमारे १० ते १२ दिवसांवर आणते, पण ती महाग असल्यामुळे देशातील सर्व रक्तपेढ्यांना बंधनकारक नाही. "गुरुजी, रक्ताच्या पिशवीवर आपण इतका पहारा ठेवतो आणि तरीही खात्री देता येत नाही, पिशवी तर एकदाच वापरायची असते. नवरदेवाला मात्र साक्षगंधाच्या आदल्या आठवड्यात एकदा तपासून चाळीस वर्षांच्या संसाराची हमी मागायची, हे कसे जमेल?" साक्षगंधानंतर लग्नापर्यंत सहा महिने जातात, लग्नानंतर मुलगा कामासाठी सुरतेला, पुण्याला किंवा ट्रकवर जातो, मेळघाटातली कुटुंबे पिके निघाल्यावर मजुरीसाठी घर सोडतात, या कशाचीही नोंद त्या एका दिवसाच्या कागदावर नसते. त्याहून वाईट हे की निगेटिव्हचा कागद हातात असलेले जोडपे पुढे कधीही चाचणीचा विचार करणार नाही, आणि बायकोने निरोधचा विषय काढलाच तर तोच कागद तिच्या तोंडावर धरला जाईल.

यावर गुरुजी जे उदाहरण देतात ते विदर्भातल्या वाचकाला सर्वांत पटणारे आहे, आणि या संवादात त्यावर अधिक वेळ खर्च होणे योग्यच होते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यात लाल पेशी ऑक्सिजन कमी पडताच कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना देतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून आरोग्यखाते गावोगावी तपासणी करते, निदानाची कार्डे देते, आणि लग्न जुळवण्यापूर्वी कुंडलीऐवजी ही कार्डे जुळवा असे उघडपणे सांगते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचाही तोच सूर आहे. "सरकारच एका रक्तदोषासाठी लग्नाआधी कार्ड दाखवा म्हणते आणि दुसऱ्यासाठी दाखवू नका म्हणते. हा दुटप्पीपणा नव्हे काय, ताई?" असे गुरुजी विचारतात, आणि हा प्रश्न मेळाव्यातला कोणीही सुजाण पालक विचारू शकेल.

समुपदेशकांचे उत्तर असे की दोन्हींत रक्त तपासले जाते, परंतु साम्य तेवढ्यावरच संपते. सिकलसेलचे जनुक जन्माबरोबर येते आणि मरेपर्यंत बदलत नाही. त्यामुळे पाचवीतल्या मुलीला मिळालेले कार्ड पंचविसाव्या वर्षी तितकेच खरे असते. एचआयव्हीची स्थिती वागणुकीने, अपघाताने किंवा दुसऱ्याच्या फसवणुकीने कोणत्याही दिवशी बदलू शकते. शिवाय सिकलसेलचा वाहक कोणाला आजार लावत नाही आणि त्याच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवत नाही. एचआयव्हीचा अहवाल मात्र आपल्या समाजात आरोग्याचा कागद म्हणून वाचलाच जात नाही, तो चारित्र्याचा दाखला म्हणून वाचला जातो, मग तो संसर्ग आईकडून जन्मतः आलेला असो की रुग्णालयातल्या पिशवीतून. अकोल्याचे ते बाळ वीस वर्षांनी उपवर होईल तेव्हा पुस्तिकेतला रकाना त्याच्याविषयी काय सांगेल, हा समुपदेशकांचा प्रश्न ऐकून गुरुजी काही वेळ निरुत्तर झाले. त्यांच्या युक्तिवादात संसर्ग झालेली व्यक्ती नेहमी फसवणारा नवरा म्हणूनच डोळ्यांसमोर होती.

रकान्याचा आणखी एक धोका गणिताचा आहे आणि तो कागदावर मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. समजा, मेळाव्याच्या निमित्ताने १०,००० तरुण-तरुणींची एकेरी चाचणी झाली आणि त्यांच्यात हजारी ३ या प्रमाणात, म्हणजे ३० जणांना, खरोखर संसर्ग आहे. चाचणी इतकी चांगली आहे असे धरू की निरोगी व्यक्तींपैकी ९९.५ टक्के जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. तरीही उरलेल्या ९,९७० निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ५० जणांचा अहवाल चुकून पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण ८० पॉझिटिव्ह अहवालांतले ५० खोटे असतील. याच कारणासाठी शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आयसीटीसी म्हणतात, लक्षणे नसलेल्या व्यक्तीला पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या केल्या जातात, आणि निष्कर्ष एकांतात, समुपदेशनासह, फक्त त्या व्यक्तीला सांगितला जातो. मेळाव्याच्या घाईत एखाद्या खासगी प्रयोगशाळेतून आलेला एका चाचणीचा अहवाल व्याह्याच्या मोबाइलवर पोहोचला, तर दुसरी आणि तिसरी चाचणी होईपर्यंत लग्न मोडलेले असेल आणि गावाने निकाल दिलेला असेल. नंतरच्या निगेटिव्ह अहवालाने तो निकाल फिरत नाही, विशेषतः मुलीच्या बाबतीत.

सक्तीचा प्रयोग जगात कोठेच झाला नाही असेही नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी १९८८ पासून विवाह परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी अनिवार्य केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांमध्ये अवघे ८ जण बाधित सापडले, त्यासाठी अर्जदारांच्या खिशातून सुमारे २५ लाख डॉलर गेले, आणि परवान्यांची संख्या सुमारे २२ टक्क्यांनी घटली. कारण जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न लावू लागली. सप्टेंबर १९८९ मध्ये कायदा रद्द झाला. वऱ्हाडात तर सीमा ओलांडणे याहून सोपे आहे. धारणी, चिखलदरा, वरूड या तालुक्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशच आहे, आणि मुळात आपल्याकडे लग्न मांडवात लागते, नोंदणी मागाहून सवडीने होते. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवर चाचणी मागणारा कायदा वरात निघून गेल्यावर रस्त्यावर उभा राहील. गुरुजींनी हा मुद्दा मान्य केला, मात्र अमेरिकेतील त्या काळच्या निष्कर्षाला एक उत्तर दिले आणि ते दखल घेण्याजोगे आहे : १९८८ मध्ये ज्याला संसर्ग सापडला त्याला देण्यासाठी वैद्यकाकडे फारसे काही नव्हते, आज आहे. मग सापडणे आता अधिक मोलाचे ठरत नाही काय?

येथे समुपदेशकांचा सूर बदलतो, कारण गुरुजींनी नकळत त्यांच्याच बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा काढून दिला होता. भारतात शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारे औषधोपचार, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या आठ केंद्रांपैकी एक होते. प्रारंभी सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून निदान होताच उपचार असे धोरण आले. त्याआधी २०११ मध्ये नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासाने, ज्यात पुण्याचे केंद्रही सहभागी होते, असे दाखवून दिले होते की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. नंतरच्या अभ्यासांनी हे ज्ञान अधिक नेमके केले : नियमित औषधाने ज्याच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. गरोदर मातेने औषधे घेतल्यास बाळाला होणारा संसर्ग, जो उपचारांअभावी १५ ते ४५ टक्के असतो, तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. याचा अर्थ परिचय मेळाव्याच्या दृष्टीने धक्कादायक आहे. निदान झालेला, औषध न चुकवणारा आणि विषाणू दबलेला मुलगा आपल्या पत्नीसाठी त्या मुलापेक्षा निर्धोक आहे, ज्याने कधी चाचणीच केली नाही किंवा ज्याच्या खिशात गवाक्ष काळातला निगेटिव्ह कागद आहे. रकाना मात्र पहिल्याला बाद करतो आणि दुसऱ्याला उत्तीर्ण.

म्हणून, समुपदेशकांच्या मते, प्रतिबंधाची सारी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती म्हणजे माणूस आपल्या पायाने चाचणी केंद्रापर्यंत येईल हा विश्वास. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतील ३ लाख ९४ हजार, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. यांतल्या प्रत्येकाला आयुष्यभर, दर काही आठवड्यांनी, औषध घेण्यासाठी केंद्रावर यावे लागते. आपले नाव फुटणार अशी शंका आली की तो आपल्या जिल्ह्याचे केंद्र टाळतो. अकोल्याचा माणूस नागपूरला जातो, भाड्याचे पैसे नसले की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो, आणि मग त्याच्या पत्नीचा धोकाही वाढतो. गुप्ततेचा भंग झाल्याने होणारी हानी अशी साखळीने परत त्याच स्त्रीपर्यंत पोहोचते, जिच्या रक्षणासाठी गुप्तता मोडायची होती.

गुरुजींना गुप्तता हा शब्दच खटकतो. ज्या भूमीत गाडगेबाबांनी हजारोंच्या कीर्तनात श्रोत्यांना थेट प्रश्न विचारून त्यांची अस्वच्छता, व्यसने आणि कर्जाची लग्ने चव्हाट्यावर आणली, आणि जेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला, त्या अमरावती जिल्ह्यात आरोग्याच्या प्रश्नावर पडदा कशाला हवा, असे ते म्हणतात. समुपदेशकांना हे उदाहरण प्रिय आहे, आणि म्हणूनच त्या त्यातला एक बारकावा दाखवतात : बाबांचा प्रश्न समुदायाला असे, कोण्या एका रोगग्रस्ताला उभे करून त्याचे नाव विचारण्यासाठी ते कीर्तन करीत नसत. उघडपणे बोलायचे ते विषयाबद्दल, आणि नेमके तेच आपण टाळले. ज्या महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणासाठी र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले आणि खटले सोसले, त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये लोकप्रतिनिधींच्या आक्षेपांनंतर शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद करण्यात आला. त्या वर्षी नववीत असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांचेच फोटो परिचय पुस्तिकांत आहेत. "त्यांना वर्गात सांगायचे राहून गेले ते आता रकान्यातून वसूल करता येणार नाही, गुरुजी." मुख्याध्यापक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य लागले असणार, आणि ते लागावे अशीच या लेखाचीही भावना आहे.

अमरावतीत या संदर्भात आणखी एक इतिहास हाताशी आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली तेव्हा अंगावरचा चट्टा लपवणे हीच घरोघरची रीत होती, कारण चट्टा दिसला की घर सुटत असे. आणि लपवल्यामुळे बोटे झडेपर्यंत उपचार होत नसत. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले, कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत २०१९ पर्यंत छापलेले होते. औषध येऊन गेल्यावरही भीती कायद्याच्या पुस्तकात सुमारे साडेतीन दशके टिकली. एचआयव्हीबाबत निदान ही चूक संसदेने केलेली नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियमाने माहितीपूर्ण संमतीशिवाय, म्हणजे चाचणी कशासाठी आणि तिचे परिणाम काय हे समजावून सांगून मिळवलेल्या होकाराशिवाय, कोणाचीही चाचणी करण्यास मनाई केली आहे. याच कायद्याने रक्त, ऊती व अवयवांच्या वापरासाठी होणाऱ्या तपासणीला मात्र संमतीच्या अटीतून वगळले आहे. रक्ताची पिशवी सक्तीने तपासावी आणि माणसाला विचारून तपासावे, हा फरक कायद्याने जाणीवपूर्वक केलेला आहे, आणि तो पाळला तर अकोल्यातील घटनेनंतर जो जोर रक्तपेढ्यांत नॅट आणण्यासाठी लावायला हवा तो नवरदेवांच्या मागे लागण्यात वाया जाणार नाही.

गुरुजींनी रकान्याचा आग्रह येथवर बराच सैल केला होता. पुस्तिकेत एक पूर्ण पान द्यावे, त्यात गवाक्ष काळ, मोफत चाचणी, १०९७ ही मदतवाहिनी आणि अमरावती-अकोल्यातील शासकीय केंद्रांची माहिती छापावी, आणि मुलामुलीने मिळून, आपल्या इच्छेने, लग्नाआधी केंद्रावर जाऊन यावे असे आवाहन करावे, हे त्यांना पटले. मेळाव्याच्या मंडपातच चाचणीची गाडी उभी करण्याची त्यांची सूचना समुपदेशकांनी नाकारली, कारण सर्व सोयऱ्यांच्या देखत त्या गाडीच्या रांगेत कोण उभे राहिले आणि कोण राहिले नाही याचीच चर्चा जेवणाच्या पंगतीत झाली असती. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या सेवालयात वाढलेल्या एचआयव्हीबाधित मुलामुलींची लग्ने लागली आहेत, त्यांचे संसार चालू आहेत, ही माहितीही त्याच पानावर असावी असे समुपदेशकांनी सुचवले, आणि गुरुजींनी ते टिपून घेतले.

परंतु शेवटी गुरुजींनी विचारलेल्या एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर समुपदेशकांकडेही नव्हते. मुलाने स्वेच्छेने चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली, तीन वेळा समजावूनही तो होणाऱ्या पत्नीला सांगायला तयार नाही आणि लग्न पंधरा दिवसांवर आहे. अशा वेळी ताई काय करू शकतात? २०१७ च्या कायद्यातील नववे कलम, जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असेल आणि बाधित व्यक्ती समुपदेशनानंतरही सांगत नसेल तर तिला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत माहिती देण्याची मुभा डॉक्टरांना व समुपदेशकांना देते. सांगितल्यामुळे मारहाण किंवा हकालपट्टी होण्याचा धोका असलेल्या स्त्रीवर सांगण्याचे बंधन नाही, अशी समंजस तरतूदही याच कायद्यात आहे. पण या कायद्यातील जोडीदाराची व्याख्या पती-पत्नी आणि विवाहासारखे नाते असलेल्या व्यक्ती यांच्यापुरती आहे. साक्षगंध झालेली मुलगी तीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, रक्तदानाच्या वेळी बाधित आढळलेल्या आणि नंतर लग्न मोडलेल्या एका डॉक्टरच्या खटल्यात, वाग्दत्त वधूला कळणे हा तिचा हक्क मानून रुग्णालयाला दोषमुक्त केले होते. त्या निकालातील बाधितांचा विवाहाचा हक्क स्थगित करणारी विधाने अनावश्यक होती असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले, ते योग्यच झाले. मात्र नव्या कायद्यामुळे या दोन निकालांच्या मधली ती मुलगी उघड्यावर राहिली. फसवणुकीने झालेला विवाह रद्द करून घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात आहे खरी, पण ती लग्न झाल्यानंतरची, म्हणजे तोवर संसर्ग झालेला असू शकतो.

समुपदेशकांनी हे मान्य केले. अशा वेळी त्या मुलाला पुन्हा बोलावणे, लग्नाची तारीख पुढे ढकलायला लावणे, औषध त्याच दिवशी सुरू करणे आणि विषाणूचे प्रमाण खाली येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करणे, एवढे त्यांच्या हाती असते, आणि अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो मुलगा स्वतः बोलण्यास तयार होतो. जो होत नाही त्याच्यासाठी कायद्यातील जोडीदाराच्या व्याख्येत विवाह ठरलेल्या व्यक्तीचा समावेश करावा, नवव्या कलमातील पूर्वकल्पना, समुपदेशन व प्रत्यक्ष भेटीच्या सर्व अटी तशाच ठेवाव्यात, या मागणीवर गुरुजी व ताई प्रथमच एकमताने बोलले. मेळाव्याच्या मंचावरून सक्तीच्या चाचणीचा ठराव करण्याऐवजी या दुरुस्तीचा ठराव करून तो दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना पाठवता येईल, असे गुरुजींनी सुचवले, आणि त्याचा मसुदा ताईंनी लिहून द्यावा असे ठरले.